स्पॅनिश क्रियापद तोडायचं कसं: उच्चारानं की प्रत्ययानं?

प्रश्न थोडक्यात असा. 'आब्लार' म्हणजे बोलणं. त्याचं 'आब्लाबामोस' (आम्ही बोलत होतो) हे रूप वर्गात आ-ब्ला-बा-मोस असं तोडून दाखवलं. घरी व्याकरणाच्या पुस्तकात तेच रूप आब्ल्, आ, बा, मोस असं तोडलेलं सापडलं. यातलं बरोबर कोणतं? आणि हे सगळं शिकून लिहिताना-बोलताना काही फायदा होतो का?

बरोबर दोन्ही आहेत. पहिली तोड उच्चाराची: तोंडातून किती अक्षरं बाहेर पडतात ते ती सांगते. दुसरी अर्थाची: रूपातला कुठला तुकडा कुठलं काम करतो ते ती सांगते. घोटाळा होतो तो एकाच ओळीत निम्मं हे आणि निम्मं ते केल्यानं. परीक्षेच्या वह्यांमध्ये 'आब्ल्-आ-बा-मोस, चार अक्षरं' असं लिहिलेलं मी वर्षानुवर्षं बघतो आहे. चार हा आकडा योगायोगानं बरोबर येतो, तोड मात्र अक्षरांची नसते. फायद्याचं म्हणाल तर तो भरपूर आहे, विशेषतः डोक्यावरची तिरकी रेघ, म्हणजे आघातचिन्ह, कुठे द्यायचं हे ठरवताना.

पुढे मी उच्चाराची तोड आडव्या रेघेनं दाखवतो आणि घटकांची, म्हणजे अर्थाच्या तुकड्यांची, अधिकच्या चिन्हानं. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे 'आब्लार'च्या सुरुवातीचा मुका एच इथे दिसणार नाही. तो उच्चारात नाहीच, तेव्हा आपलं काही बिघडत नाही.

आधी उच्चार. मराठी माणसाची इथली मुख्य अडचण कानाची नाही, डोळ्याची आहे. 'कान्तो' (मी गातो) हा शब्द आपण लिहिताना का आणि न्तो असा लिहितो, कारण जोडाक्षर पुढच्या स्वराला चिकटवायची आपल्या लिपीची रीत आहे. उच्चार मात्र कान्-तो असा होतो. हे आपल्याला नवीन नाही. वृत्तात 'सत्य' शब्दातला स गुरू धरतात, तो त्या त् नं अक्षर बंद होतं म्हणूनच. उलट 'तुझ्या' किंवा 'दुसऱ्या'मध्ये जोडाक्षर असूनही आधीच्या अक्षरावर जोर येत नाही आणि ते लघूच राहतं, कारण दोन्ही व्यंजनं मिळून पुढच्या स्वराकडे जातात.

स्पॅनिशमध्येही असेच दोन प्रकार आहेत. प, ब, क, ग, फ यांच्यापुढे र किंवा ल आला, किंवा त, द यांच्यापुढे र आला, की जोडी फुटत नाही: आ-ब्लार, आ-ब्रिर, कोम्-प्रार. बाकी दोन व्यंजनं समोरासमोर आली की एक इकडे, एक तिकडे: कान्-तार, साल्-तार. स्वरांच्या मध्ये एकटं व्यंजन असेल तर ते नेहमी पुढच्याचं: को-मेर. लिखाणात दोन मुळाक्षरांनी दाखवले जाणारे च, दोन एलचा य आणि घोळवलेला र हे एकेकच ध्वनी आहेत, त्यांच्या मधून कधीच तोडायचं नाही. 'त्ल' या जोडीवर मात्र खुद्द स्पॅनिश जगातच एकमत नाही. 'खेळाडू' या अर्थाचा 'आत्लेता' स्पेनच्या बहुतेक भागात आत्-ले-ता होतो आणि मेक्सिकोत आ-त्ले-ता. मेक्सिकोत नाहुआत्ल भाषेतून आलेले काही शब्द त्ल नंच सुरू होतात, तिथल्या जिभेला ती जोडी फोडायचं कारण नाही.

व्यंजनांचं एवढ्यात संपतं. खरं काम स्वरांचं आहे. आ, ए, ओ हे बळकट. इ, उ हे दुबळे. दुबळा बळकटाला लागून आला की दोघांचं मिळून एक अक्षर: काम्-ब्यो (मी बदलतो), काय्-गो (मी पडतो). पण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, त्या दुबळ्यावरच असेल तर तो वेगळा होतो आणि त्याच्यावर चिन्ह द्यावं लागतं: कोन्-फी-ओ (मी विश्वास ठेवतो). 'काम्ब्यार' आणि 'कोन्फियार' या दोन्ही क्रियापदांचा शेवट लिखाणात अगदी सारखा, तरी एकाचं वर्तमानातलं रूप दोन अक्षरांचं आणि दुसऱ्याचं तीन. कुठलं कोणत्या गटात हे पाठच करावं लागतं. उकारान्त जोडीत मात्र सोपी खूण आहे: उच्या आधी ग किंवा क असेल तर अक्षर बहुधा एकच, जसं आ-बे-रि-ग्वो (मी शोध घेतो), नसेल तर वेगळं, जसं कोन्-ति-नू-ओ (मी चालू ठेवतो). 'क'वाल्यांपैकी काहींना दोन्ही रूपं चालतात, त्याची चिंता करू नका.

दोन दुबळे एकत्र आले, म्हणजे उ आणि इ, तर लिखाणाच्या हिशेबानं ते कायम एकच अक्षर. म्हणून 'कोन्स्-त्रुइ-दो' (बांधलेलं) यावर चिन्ह नाही, मग बोलणारा ते तीन अक्षरांत बोलो की चारांत. अशीच एक गंमत हसण्याच्या क्रियापदात आहे. 'मी हसतो' हे री-ओ: दोन अक्षरं, इ वर चिन्ह. 'तो हसला' यातही तीच तीन मुळाक्षरं, पण लिखाणासाठी ते एकच अक्षर, र्यो, आणि एकाक्षरी शब्दाला चिन्ह नाही. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या रूपावर ओ च्या डोक्यावर चिन्ह सापडेल. रेआल आकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या 2010 च्या लेखननियमांनी ते काढून टाकलं. जुनी आवृत्ती वाचत असाल तर छपाईची चूक समजू नका.

आता घटक. इथे माझा एकच आग्रह असतो: एकटं रूप समोर ठेवून तोडायला बसू नका. एकट्या रूपाकडे कितीही टक लावून बघितलं तरी सांधा कुठे आहे ते कळत नाही. 'मी गात होतो' पासूनचा पूर्ण रकाना मांडा:

कान्ताबा, कान्ताबास, कान्ताबा, कान्ताबामोस, कान्ताबाय्स, कान्ताबान.

शेवटी बदलतंय ते काय? काहीच नाही, स्, काहीच नाही, मोस, इस्, न्. हे पुरुष आणि वचन. आता याच्या शेजारी भविष्यकाळाचं कान्तारेमोस आणि वर्तमानाचं कान्तामोस ठेवा. मोस कायम आहे. बा च्या जागी एकदा रे आलं, एकदा काहीच आलं नाही. म्हणजे बा हा काळाचा तुकडा. उरलं 'कान्ता'. त्याच्याशेजारी 'कोमेमोस' (आपण खातो) आणि 'विविमोस' (आपण राहतो) ठेवलं की आ, ए, इ हे तीन गणांचे (क्रियापदांच्या वर्गांचे) स्वर वेगळे होतात. शिल्लक राहतो तो धातू: कान्त्, कोम्, विव्.

संस्कृत शिकलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. भव् + अ + ति यात मधल्या अ ला विकरण म्हणतात. स्पॅनिशचा गणस्वर नेमकी तीच जागा अडवून बसलेला असतो. आणि 'भवामः' मधला मः व 'कान्तामोस' मधला मोस हे तर एकाच मुळाचे. भवसि, भवन्ति यांतले स् आणि न् सुद्धा लॅटिनच्या वाटेनं स्पॅनिशमध्ये अजून जागेवर आहेत. त्यामुळे पुरुषाचे प्रत्यय पाठ करायला संस्कृतवाल्यांना वेगळा वेळ लागू नये.

तर चार जागा: धातू, विकरण, काळ, पुरुष. कान्त् + आ + बा + मोस. कुठली जागा रिकामी असली तर तिथे शून्य प्रत्यय मानायचा. लोपाची कल्पना पाणिनीची म्हणून आपल्याला परकी नाही. 'कान्ता' (ती गाते) म्हणजे कान्त् + आ, पुढे दोन शून्यं. 'कान्तो'मध्ये विकरणच दिसत नाही, आणि ओ एकटा काळ आणि पुरुष दोन्ही सांगतो.

दोन तोडींमधला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो 'कान्तान्दो' (गात, गाताना) या रूपात. उच्चार: कान्-तान्-दो. घटक: कान्त् + आ + न्दो. एकही सांधा जुळत नाही. पहिल्या अक्षरात धातू संपत नाही, त्याचा त् पुढे जातो. न्दो हा अखंड प्रत्यय, पण त्याचा न् मागच्या अक्षरात जाऊन बसतो. 'दान्दो' (देताना) त्याहून मजेशीर. दार् या क्रियापदाचा धातू म्हणजे नुसता द्. द् + आ + न्दो. ज्या धातूत स्वरच नाही त्याचं अक्षर होणार कसं? मराठीतही हे रोज घडतं. 'करतो' आपण कर-तो असं दोन अक्षरांत उच्चारतो, पण करते, करतात यांच्या शेजारी ठेवलं की कर् + त् + ओ असे तुकडे पडतात.

भूतकाळाच्या एका प्रकारात, म्हणजे कान्ते (मी गायलो), कान्तो (तो गायला, इथे आघात शेवटच्या ओ वर) या रूपांत, मी विद्यार्थ्यांना तोडत बसू देत नाही. तिथे सगळे प्रत्यय एकमेकांत विरघळले आहेत. पुस्तकागणिक वेगळी तोड मिळते आणि कुठलीच लक्षात ठेवायला मदत करत नाही. ती सहा रूपं सरळ पाठ करावीत. 'फुई' तर तोडूच नये. ते 'असणे' आणि 'जाणे' या दोन्ही क्रियापदांचं भूतकाळाचं रूप आहे. मी होतो की मी गेलो, ते वाक्यावरूनच कळतं.

आता दोन्ही तोडी एकमेकींना भिडतात ते ठिकाण. माझ्या मते हा सगळा विषय शिकण्याचं खरं कारण इथे आहे. आघात कुठे पडायचा हे बहुतेक वेळा घटक ठरवतात. त्यासाठी चिन्ह लिहायचं की नाही हे अक्षरांची मोजणी ठरवते.

लेखनाचा नियम असा: शब्द स्वर, न् किंवा स् नं संपत असेल आणि आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर असेल तर चिन्ह नको. इतर व्यंजनानं संपत असेल आणि आघात शेवटच्या अक्षरावर असेल तरी नको. याबाहेर गेलात की चिन्ह. आता अपूर्ण भूतकाळ, म्हणजे वरचा कान्ताबाचा रकाना, घ्या. त्यात आघात कायम विकरणावर असतो, सहाही रूपांत. कान्-ता-बा: ता उपान्त्य, चिन्ह नाही. कान्-ता-बा-मोस: आघात त्याच ता वर, पण पुरुषाच्या प्रत्ययानं एक अक्षर वाढवलं, ता शेवटून तिसरं झालं, म्हणून चिन्ह आलं. कान्-ता-बाय्स: प्रत्यय लागला, पण इ मागच्या आ मध्ये मिसळून अक्षर वाढलंच नाही, म्हणून चिन्ह नाही. 'मोसला चिन्ह, बाय्सला नाही' असं पाठ करणाऱ्याला तिसऱ्या आठवड्यात उलटसुलट होतं. कारण कळलं की पाठ करायचं उरत नाही. लॅटिनमध्ये याच रूपाचा आघात बा वर होता. स्पॅनिशनं तो एक अक्षर मागे ओढून सगळा रकाना एका सरळ रेषेत आणला.

वर्तमानकाळात आघात असा एका जागी राहत नाही. तिन्ही एकवचनं आणि तृतीय पुरुषी अनेकवचन यांत तो धातूवर, 'आम्ही' आणि 'तुम्ही'त विकरणावर. म्हणूनच पेन्सार (विचार करणे) चं प्येन्-सो होतं पण पेन्-सा-मोस तसंच राहतं. कोन्तार (मोजणे, सांगणे) चं क्वेन्-तो पण कोन्-ता-मोस. लॅटिनमधले ऱ्हस्व ए आणि ओ आघाताखाली आले की ये आणि वे झाले, आघाताबाहेर तसेच राहिले. शिकवणीत याला 'बुटाची क्रियापदं' म्हणतात, कारण तक्त्यात बदललेल्या रूपांभोवती रेघ काढली की बूट दिसतो. चित्र लक्षात राहायला बरं, पण त्यातून कारण कळत नाही. पुरावा हवा असेल तर अर्जेन्टिना बघा. तिथे 'तू'साठी 'वोस' वापरतात आणि त्याच्या रूपात आघात शेवटच्या अक्षरावर असतो: वोस पेन्सास, वोस तेनेस. स्पेनमध्ये प्येन्सास, त्येनेस. आघात धातूवरून उठला, ये गेला. अर्थात प्रत्येक ओ चा वे होत नाही. कोमेर चं 'कोमो'च होतं. कुणाचा बदलतो ते शब्दकोशातच बघायचं, पण बदलला तर कुठल्या रूपात हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

'लेएर' (वाचणे) चं 'त्यानं वाचलं' हे रूप ले-यो का होतं? धातू ले, प्रत्यय यो, एरवी लिहिताना आय आणि ओ. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला इ एकटा अक्षर होऊ शकत नाही, तो पुढच्या अक्षराचं व्यंजन होतो, आणि लिखाणात आयच्या जागी वाय येतो. इति + आदि = इत्यादि करणारा 'इको यणचि' आठवा. 'ले-ई' (मी वाचलं) मध्ये मात्र आघात इ वर आहे, तो स्वर म्हणूनच ठाम उभा राहतो आणि चिन्ह घेतो.

भविष्यकाळातला उपरा द् हाही असाच उच्चारातून आलेला. तेनेर (जवळ असणे) चं भविष्य तेनेरे व्हायला हवं. मधला ए पडला, न् आणि र् समोरासमोर आले, आणि जिभेनं मध्ये द् घातला: तेन्-द्रे. पोन्-द्रे, वेन्-द्रे, साल्-द्रे तसेच. घटक पाडताना त्या द् ला अर्थ देऊ नका, त्याचं काम फक्त उच्चाराचं. जाता जाता: हा भविष्यकाळ मुळात 'गायला मला आहे' अशा धर्तीच्या दोन शब्दांचा बनलेला. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोघांच्या मध्ये सर्वनाम घालता यायचं. पोर्तुगीजच्या औपचारिक लिखाणात ते अजून चालतं, त्यामुळे गोव्यातल्या घरात पोर्तुगीज ऐकलेल्या विद्यार्थ्यांना हा सांधा दाखवावा लागत नाही.

सर्वनामं शेपटीला लागली की पुन्हा अक्षरांची मोजणी. दा-मे (मला दे): चिन्ह नाही. दा-मे-लो (ते मला दे): आघात हलला नाही, अक्षर वाढलं, चिन्ह आलं. इथेही वोसवाले वेगळे. स्पेनमधलं 'माझ्यासाठी गा' हे कान्-ता-मे, आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून चिन्ह. ब्वेनोस आयरेसमधलं तेच कान्-ता-मे, आघात मधल्यावर, म्हणून चिन्ह नाही. एका छोट्या रेघेवरून लिहिणारा वोसवाला आहे की नाही ते कळतं. 'बामोस' ला 'नोस' लागताना आधीचा स् गळतो: बा-मो-नोस (चला, निघू या). आणि एक रूप असं आहे की जे बोलता येतं पण लिहिता येत नाही: 'साल' (बाहेर ये) अधिक 'ले' (त्याला). बोलताना साल्-ले, पण लिहिलं की दोन एल शेजारी येतात आणि स्पॅनिशमध्ये ते एकच व्यंजन असल्यामुळे वाचणारा सा-ये वाचतो. आकादेमियानंच मान्य केलं आहे की हे रूप नेहमीच्या लेखनात बसवता येत नाही.

सरावाला एक मोठं रूप एकत्र करून बघू: 'आम्ही बांधलं असतं तर' यासाठीचं कोन्स्त्रुयेरामोस. आधी डोळे मिटून उच्चार: कोन्स्-त्रु-ये-रा-मोस. न्, स्, त्, र् अशी चार व्यंजनं ओळीनं आली; शेवटची त्र ही न फुटणारी जोडी म्हणून ती पुढे, न् आणि स् मागे. आता शेवटाकडून घटक: मोस हा पुरुष, रा हा संशयार्थाचा भूतकाळ, ये हे विकरण (एरवी इये, पण आधी स्वर असल्यामुळे वायनं लिहिलेलं), उरला कोन्स्त्रु. आघात विकरणावर, ते शेवटून तिसरं अक्षर, म्हणून ये च्या डोक्यावर चिन्ह. घटक नेहमी शेवटाकडून काढा. पुरुष आणि काळ मोजके आहेत, धातू हजारो.

राहिला ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा प्रश्न. तिथे अक्षरांची तोड वापरायची, दोन अपवाद सांभाळून: शेजारचे दोन स्वर वेगळ्या अक्षरांत असले तरी ओळीच्या टोकाला वेगळे करायचे नाहीत, म्हणजे ले-ई असं तोडून ई खालच्या ओळीत न्यायचा नाही, आणि एकटा स्वर मागे ठेवायचा नाही, म्हणजे आ वर आणि ब्रिर खाली असं चालत नाही. घटकांच्या तोडीला छापील मजकुरात मान मिळतो तो फक्त ओळखू येणाऱ्या उपसर्गापाशी किंवा जोडशब्दाच्या सांध्यापाशी. 'देसापारेसेर' (नाहीसं होणं) बोलताना कायम दे-सा असंच सुरू होतं, पण ओळ संपत असेल तर दे किंवा देस, दोन्ही ठिकाणी तोडलेलं चालतं. तुमच्या संगणकानं यातलं कुठलंही केलं असेल तर दुरुस्त करत बसू नका.